धाकूच्या नावावरचा पत्ता

भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं तर पहिल्या दिवशी काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशीही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी भाताच्या पातीची टोकं तांबडी होतात, आणि तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. मी गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलो आणि पुढची छत्तीस वर्षं फेरीबोटीवर दोर फेकण्यात काढली. हे मला धाकूने शिकवलं. आणि जिची गोष्ट सांगायला मी बसलो आहे ती सत्यवतीवयनी त्याच धाकूची सून.

धाकू आमच्या नार्व्याच्या मानशीचा राखणदार. मानस म्हणजे नदीच्या बांधातली लाकडी दारं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने ती आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. राखणदाराचं काम वरवर पाहिलं तर काहीच नाही. दारं नीट मिटली का, एवढंच बघायचं. पण दिवसातून दोनदा बघायचं, आणि वर्षाचा एकही दिवस चुकवायचा नाही. एखादी फांदी दाराच्या पायात अडकली आणि चार बोटं फट राहिली, की सगळ्या गावाचं भात गेलं. धाकूने चाळीस वर्षांत एकदाही फट राहू दिली नाही, म्हणून गाव त्या मानशीला अजून 'धाकूची मानस' म्हणतो.

सत्यवती मूळची पेडण्यातल्या कोरगावची. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी लग्न होऊन आमच्याकडे आली. तिचा बापही मानस राखणारा. लग्नाला आठवडा झाला नव्हता तेव्हा ती सासऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन बांधावर आली. मी तिथंच विडी ओढत बसलो होतो. नव्या नवरीने डबा खाली ठेवला, पाण्याकडे कान दिला आणि म्हणाली, "बाबा, डावा दार खोकता."

धाकू हसला. "दार खोकता? मगे तेका काढो करून दी!"

पण उठला. बांबू घालून चाचपलं तर डाव्या दाराच्या पायात माडाची झावळी अडकलेली! धाकूने माझ्याकडे असं बघितलं की जणू त्याला लॉटरी लागली. त्या दिवसापासून डबा सुनेनेच आणायचा, आणि आणला की पाण्याला कान द्यायचा, असा नेमच झाला.

धाकू एक्याण्णव साली गेला. मग त्याचा मुलगा भिकाजी, म्हणजे सत्यवतीचा नवरा आणि माझा जिवाभावाचा मित्र, त्याने दारं सांभाळली. तोही गेला तेव्हा शेतकऱ्यांच्या असोसिएशनने काम सत्यवतीला दिलं. "बाईमाणूस दोन दोन वेळा बांध तुडवतली?" असं विचारणारे होते. तिने सहा वर्षं तुडवला.

आणि मग एका आषाढात ती त्याच बांधावर घसरली. गुडघा गेला. डॉक्टर म्हणाला, दिवाळीपर्यंत बांधाचं नाव काढायचं नाही. दिवाळीपर्यंत म्हणजे भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर येऊन कापणीला येईपर्यंत. नेमके तेच दिवस, जेव्हा खारं पाणी एकदा जरी आत आलं तरी वर्ष बुडतं.

तिचा मुलगा रुद्रेश वेर्ण्याच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो. गणेशचवथीच्या सुटीत घरी आला तो एक पेटी घेऊनच. ती त्याने मानशीजवळच्या खांबावर बसवली. पेटीला खाली बघणारा एक डोळा, तो आतल्या पाण्याची उंची मोजायचा. पेटीत मोबाइलचं सिम, वर उन्हावर चालणारं पॅनल. दर दोन मिनिटांनी पाण्याचा आकडा हवेतून घरच्या कॉम्प्युटरला यायचा आणि जुन्या टीव्हीवर मोठा दिसायचा. दोन फुटांच्या आत असला की सुख. अडीच फूट ओलांडले की पाणी शेतात.

"आई, आता तू घरात बसून मानस राख," रुद्रेश म्हणाला.

असोसिएशनचा अध्यक्ष शांताराम. त्याची जमीन मानशीला लागून, सगळ्यांत खालची. तो टीव्ही बघून गेला आणि दुकानावर सांगू लागला, "वयनी आता सिरियल बघून मानस राखतली रे!"

सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? पण अकरा दिवस टीव्हीवरचा आकडा आणि बांधावरचं पाणी इंचाइंचाने जुळलं. मी स्वतः काठी घेऊन मोजून यायचो. बाराव्या दिवशी माझं हसू थांबलं आणि मी काठी घरी ठेवली. रुद्रेशही कामावर परत गेला. चूक तिथंच झाली.

सर्वपित्री अमावास्येची सकाळ. मी सत्यवतीकडे चहाला बसलो होतो. टीव्हीवर एक फूट दहा इंच. अमावास्येची मोठी भरती रात्री येऊन गेली होती आणि आकडा हलला नव्हता, म्हणून आम्ही दोघं निवांत होतो. तेवढ्यात अंगणातून शांतारामचा आवाज आला. "वयनी! तुझ्या टीव्हीत किती पाणी आसा?"

"एक फूट धा."

"माझ्या शेतात गुडघाभर आसा! ये, बघूक ये!"

तिला जाता येत नव्हतं. मी गेलो. उजव्या दारात एक ओंडका आडवा पडला होता, दार अर्धं उघडं. शांतारामचे चार तुकडे खाऱ्या पाण्यात उभे होते. लोंब्या नुकत्याच बाहेर आलेल्या. मी परत आलो आणि तिला काही सांगायची गरज पडली नाही. ती टीव्हीकडेच बघत होती. अजून एक फूट दहा.

दुपारी देवळाच्या मंडपात बैठक बसली. सत्यवतीला मी स्कूटरवर घालून नेलं. शांताराम ओरडला नाही, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. तो म्हणाला, "कोजागिरीक परत मोठी भरती आसा. पंधरा दिवस. तेव्हा जर पाणी आत इला, तर मानस कंत्राटदाराक. भात जातलाच, तर कंत्राटाचे पैसे तरी येतले."

कंत्राटदार म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक. त्याला भातापेक्षा मासळी प्यारी. भरतीबरोबर मासळी आत यावी म्हणून तो दारं मुद्दाम उघडी ठेवतो. शेजारच्या गावात तसं झालं, आणि आता तिथं शेतात बगळे चरतात.  सत्यवती एवढंच म्हणाली, "कोजागिरीक मी आकडो सांगतंय. तुमी दारार उबे रवा आनी ताळो जुळता काय ता बघा."

संध्याकाळी रुद्रेश रजा टाकून धावत आला. पेटी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. दोष नाही. खांबावरचा हिरवा दिवा लागत होता, म्हणजे आकडा जात होता. मग त्याने पेटीतलं सगळं पुसून ती घरच्या कॉम्प्युटरला पहिल्यापासून जोडली आणि टीव्हीवरचा आकडा परत हलू लागला. का बंद पडला होता ते मात्र त्याला कळेना.

आम्ही तिघं टीव्हीसमोर डोकं धरून बसलो होतो. तिन्हीसांज झाली. आतून लक्ष्मीमांय आली. लक्ष्मीमांय म्हणजे धाकूची बायको, सत्यवतीची सासू, वय चौऱ्याऐंशी. भिंतीवर धाकूची तसबीर, तिच्याखाली विजेची बारकी समई. म्हातारीने हळूच वाकून इंटरनेटच्या डब्याचा प्लग उपटला, तिथं समईचा खुपसला, आणि हात जोडले.

डब्यावरचे दिवे विझले. रुद्रेशने माझ्याकडे बघितलं.

"आजी," तो म्हणाला, "हे तू कधीपासून करतेस?"

"काल अमावास्या लागली तेव्हापासून. तेच्या फोटोखाली येकच प्लग आसा. पाव तासान परत घालतंय मरे, मी काय विसरणारी न्हय."

 मग रुद्रेशने मला समजावलं, आणि मला ते समजलं हा त्याचा मोठेपणा. आपल्या घरच्या इंटरनेटला एक नंबराचा पत्ता असतो, त्या पत्त्यावर पेटी आकडा पाठवते. पण तो पत्ता कायमचा नसतो. डबा बंद करून परत चालू केला की कंपनी दुसराच पत्ता देते. पेटी बिचारी जुन्या पत्त्यावरच आकडे धाडत राहते, आणि टीव्ही शेवटचा आलेला आकडा दाखवत बसतो.

"म्हणजे जत्रेतल्या नाटकासारखं," मी म्हणालो. "पुढं जागा धरून बसायचं. मध्येच उठून लघवीला गेलं की जागा गेली. परत आल्यावर भलतीकडे बसावं लागतं. आणि आपला माणूस भजी घेऊन येतो तो जुन्या जागेवर, आणि ती भजी तिसराच कोणीतरी खातो."

"अगदी तसंच, काका."

"मग देवळाच्या महाजनांच्या खुर्चीसारखी खुर्ची नाही का मिळत? पाठीवर नाव लिहिलेली? ते कुठंही जाऊन येवोत, खुर्ची तिथंच."

"मिळते. तिला स्टॅटिक आयपी म्हणतात."

प्लगचा प्रश्न सोपा होता, चार भोकांचा बोर्ड आणला की झालं. पण चवथीपासून वीज नशिबाने टिकली होती, आश्विनातल्या वादळी पावसात आमच्याकडे ती दिवसातून चारदा जाते, आणि प्रत्येक वेळी तोच घोळ होणार. कोजागिरीच्या ऐन भरतीत वीज गेली तर? खुर्ची हवीच होती.

या सगळ्या बोलण्यात कुणाच्या तरी तोंडून गेलं की मांयने दिवा लावला म्हणून भात गेलं. कुणाच्या ते आठवत नाही, बहुधा माझ्याच. लक्ष्मीमांयने ऐकलं. तिने समई विझवली, तिची वायर नीट गुंडाळली आणि पेटाऱ्यात ठेवून दिली. 

तिसऱ्या दिवशी मी आणि सत्यवती डिचोलीला इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर योगेश नावाचा भला तरुण. त्याने ऐकून घेतलं.

"घरच्या प्लॅनवर कायमचा पत्ता सहसा कोणी मागत नाही," तो म्हणाला. "पण देता येतो. महिन्याला थोडे ज्यादा पैसे, एक फॉर्म, आणि ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांनी ओळखपत्र घेऊन सही करायची." त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "धाकू. हे तुमचे कोण?"

"सासरे," सत्यवती म्हणाली.

"मग त्यांना घेऊन या."

"तेंका हाडूक गेलंय तर मी परत येवचंय नाय."

योगेशला कळायला वेळ लागला. मग त्याचे कान लाल झाले. झालं होतं असं की लॉकडाऊनमध्ये रुद्रेशला घरी बसून व्हिडिओवरून यंत्रांची दुरुस्ती सांगायची होती, आणि कनेक्शन द्यायला आलेल्या माणसाने घाईघाईत विजेच्या बिलावरचं नाव फॉर्मवर उतरवलं. त्याचा तरी काय दोष? आमच्या गोव्यात बिलं बघाल तर अर्धा गाव अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर दिवे लावतो. कुणाच्या बिलावर जिवंत माणसाचं नाव दिसलं तर मला तो भाडेकरू वाटतो.

"फिरत्या पत्त्याला आतापर्यंत कुणी विचारलं नाही," योगेश म्हणाला, "पण कायमच्या पत्त्यामागे जिवंत माणूस लागतो. नाव बदलावं लागेल. सुनेच्या किंवा नातवाच्या नावावर करायचं तर सगळ्या वारसांची संमती. आणखी कोण आहेत?"

"दोन नणंदा. एक सावंतवाडीक, एक दुबयक मुलीकडे."

"मग महिना तरी जाईल."

सत्यवतीने बाकाची कड धरली. तिच्या गुडघ्यापेक्षा तिचा चेहरा जास्त दुखरा दिसला. मी तोंड घातलं. "आणि बायकोच्या नावावर केलं तर? गोव्याच्या कायद्याने लग्न झालं त्या दिवसापासून अर्धं तिचंच. तिला कुणाची संमती कशाला?"

योगेशने वरच्यांना फोन लावला. बराच वेळ 'हो सर, हो सर' केलं. फोन ठेवून म्हणाला, "बायको हयात असेल तर तिची एकटीची सही पुरते. मृत्यूचा दाखला आणि तिचं मतदान कार्ड आणा. आठ दिवस लागतील. मध्ये दसऱ्याची सुटी आहे, तेव्हा उशीर करू नका."

बसमध्ये मी बोटांवर दिवस मोजत होतो. सत्यवती म्हणाली, "भावजी, दिवस मोजू नकात. मांय सही करतली की नाय ता सांगा."

मांयने केली नाही.

"विजेच्या बिलार तेचा नाव आसा. घरपट्टीर तेचा नाव आसा. म्हणान तो ह्या घरात आसा," ती म्हणाली. "दिवो तुमी विझवलात. आता नाव पुसूक मीच सही करू?"

रुद्रेशने समजावलं, मी समजावलं. मी तर जत्रेतल्या भज्यांपासून सुरुवात केली, म्हातारी कूस बदलून झोपली. एक दिवस गेला, दोन गेले. फॉर्म टीव्हीखाली पडून. शांतारामच्या शेतात पातीची टोकं तांबडी झाली होती, आणि तो रोज येता-जाता आमच्या अंगणासमोर क्षणभर थांबायचा. ते थांबणंच ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी सत्यवतीने सासूपुढं पेजेचं ताट ठेवलं आणि स्वतः तिथंच जमिनीवर बसली, दुखरा पाय लांब करून.

"मांय," ती म्हणाली, "बिलार बाबांचा नाव कोण वाचता? मीटर बघणारो. गाव तेंचा नाव घेता ता मानशीमुळे. धाकूची मानस. कोजागिरीक ती गेली, तर फुडल्या वर्सा लोक तिका कंत्राटदाराची मानस म्हणतले. मगे ह्या बिलाचा काय करू मी, फ्रेम करून लावू?"

म्हातारी पेज ढवळत राहिली.  मग म्हणाली, "तेका लिवक येय नसला. मी तरी प्रौढ वर्गाक जावन सही शिकलंय. हाड तो कागद."

'लक्ष्मी' एवढी दोन अक्षरांची सही करायला तिला दहा मिनिटं लागली. शेवटची वेलांटी देताना तिने तसबिरीकडे बघितलं, परवानगी मागावी तसं. मी त्याच दुपारी कागद डिचोलीला पोचवला. आठ दिवस म्हणजे थेट कोजागिरी.

दसरा गेला. रोज सकाळी रुद्रेश योगेशला फोन करायचा आणि रोज योगेश म्हणायचा, "वरून यायचंय." कोजागिरीच्या आदल्या दिवशीही हेच. त्या रात्री ते घर झोपलं असेल असं मला वाटत नाही.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी साडेदहाला योगेशचा फोन आला. पत्ता आला होता! चार आकड्यांचा, मध्ये टिंबं, शेवटी सत्तेचाळीस. रुद्रेशने तो हातावर बॉलपेनने लिहिला, मोटारसायकल बांधावर घातली आणि पेटीत भरला. सव्वाअकराला टीव्हीवर आकडा आला. एक फूट आठ. भरतीचा जोर साधारण एक वाजता येणार होता.

बांधावर शांताराम आणि रुद्रेश. घरात टीव्हीसमोर सत्यवती, मी आणि लक्ष्मीमांय. सत्यवतीच्या हातात फोन, दुसऱ्या टोकाला शांताराम.

"किती?" तो विचारायचा.

"एक फूट नऊ." ती सांगायची.

"बरोबर." तो खांबावरची मोजपट्टी बघून म्हणायचा.

बारा वाजले, सव्वाबारा झाले. "एक फूट धा." "बरोबर."

बारा वीसला वीज गेली.

टीव्ही काळा, पंखा थांबलेला. डब्यावरचे दिवे विझलेले.  फोनमधून शांतारामचा आवाज तेवढा येत होता. "किती? वयनी, किती?"

"वीज गेली."

"बरा," तो म्हणाला. त्या 'बरा'त पंधरा दिवसांची वाट बघणं होतं.

दहा मिनिटांनी वीज आली. कॉम्प्युटर उठायला त्याहून जास्त वेळ घेतो असं मला वाटलं. डब्यावर एक एक दिवा लागला. टीव्ही उजळला. एक फूट दहा.

"एक फूट धा!" मी ओरडलो.

सत्यवतीने मला हाताने गप्प केलं. आणि मग माझ्याही ध्यानात आलं. वीज जायच्या आधी एक फूट दहा, आता एक फूट दहा. हा आत्ताचा आकडा की मेलेला? सर्वपित्रीला हाच तर आकडा रात्रभर आमच्याकडे बघून हसत होता. खुर्ची राखली गेली की गेली, हे टीव्हीला विचारायची सोयच नव्हती.

तिने फोनवर विचारलं, "रुद्रेश, आकडो जाता मां?"

"हिरवा दिवा लागतोय, म्हणजे इथून जातोय. तिथं पोचतो की नाही ते इथून नाही कळत, आई."

"शांताराम, पट्टीर किती आसा?"

"पट्टी दिसणा नाय गो, वाऱ्यान लाटा उठतत, गढूळ पाणी. दारां मिटलली दिसतत. सगळा बरा आसा."

सत्यवती टीव्हीकडे बघत राहिली.  मग म्हणाली, "शांताराम, तुझ्याकडे छत्री आसा?"

"आसा. उनाक."

"ती उघड, आनी पेटीच्या डोळ्याक टेकवन आडवी धर."

"काय?"

"धर म्हणतंय मां!"

आता विचार करा. भरती चढते आहे, गावाचं वर्षाचं भात पणाला लागलं आहे, आणि असोसिएशनचा अध्यक्ष बांधावरून वाकून पाण्यावर छत्री धरतो आहे. फोनमधून त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. आम्ही तिघं टीव्हीकडे डोळे लावून. दोन मिनिटांत एक आकडा. ती दोन मिनिटं मी मोजली, एकशे वीस नव्हे, तीनशे तरी होती.

सात फूट चार.

"दिसली!" सत्यवती म्हणाली.  "तुझी छत्री दिसली रे, सात फूट चार! आता काढ."

डोळ्याने छत्रीलाच पाणी समजून मोजलं होतं, म्हणजे आकडा जिवंत होता आणि पत्ता टिकला होता. मी टाळी वाजवली आणि लक्ष्मीमांयने माझ्याकडे रागाने बघितलं, कारण पुढचा आकडा आला होता. दोन फूट.

मग दोन फूट दोन.

"शांताराम," सत्यवती उठून उभी राहिली, गुडघा विसरून. "पाणी आत येता."

"खय येता? दारां मिटलली आसत. माझ्या डोळ्यांसमोर आसत!"

"वरून मिटलली आसत. पायात काय तरी आसा. डाव्या दाराक बघ. आवाज आयक, खोकता काय?"

"वयनी, थय बसान तुका दार खोकता ता कळता?"

"दोन फूट तीन झाली! बांबू घाल!"

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज. मग पाण्याचा, रुद्रेशच्या ओरडण्याचा, मग शांतारामच्या अशा शिव्यांचा की लक्ष्मीमांयने पदर कानावर घेतला. डाव्या दाराच्या पायाशी खनिज वाहणाऱ्या बार्जीचा एक जुना टायर आडवा बसला होता, पाण्याच्या पूर्ण खाली. वरून ब्रह्मदेवालाही दिसला नसता. रुद्रेश पाण्यात उतरला, शांतारामने बांबूने उचकटलं, आणि एका लाटेबरोबर टायर सुटून नदीकडे गेला. दार आपटून मिटलं. तो आवाज फोनमधून आमच्या घरात आला, तोफ उडावी तसा.

टीव्हीवर दोन फूट चार. आम्ही थांबलो. दोन फूट चार. पुन्हा दोन फूट चार. आकडा थांबला होता, अडीचच्या खाली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. थांबला, की मेला?

लक्ष्मीमांयने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "गो सत्यवती," ती म्हणाली, "तेका परत छत्री धरूक सांग."

शांतारामने धरली. सात फूट चार. दीड वाजता ओहोटी लागली, उतरत्या दुपारी दारं उघडली आणि आकडा आपला हळूहळू उतरू लागला.

संध्याकाळी शांताराम चिखलाच्या पायांनीच अंगणात आला. आत येईना. सत्यवतीने कोजागिरीचं दूध बाहेर आणून दिलं. त्याने पेला रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "कंत्राटदाराक मी सांगतंय. मानस दिवची नाय." मग जाता जाता वळला. "पण वयनी, फुडच्या वेळेक तरी दुसऱ्याची छत्री घे. माझी उलटी झाली वाऱ्यान."

तिन्हीसांजेला लक्ष्मीमांयने पेटारा उघडला. रुद्रेशने चार भोकांचा बोर्ड आणला होताच. एका भोकात इंटरनेटचा डबा, शेजारच्यात धाकूची समई. विजेचं बिल अजून धाकूच्याच नावावर येतं, घरपट्टीही. इंटरनेटचा पत्ता तेवढा लक्ष्मीच्या नावावर आहे.

गुडघा दिवाळीनंतर बरा झाला. सत्यवती आता परत बांधावर जाते, पण टीव्हीही चालू ठेवते. आणि असोसिएशनने एक नवी काळी छत्री विकत घेऊन मानशीच्या खांबाला टांगली आहे. ऊन असो नसो, वीज जाऊन आली की जवळचा जो कोणी असेल त्याने ती उघडून पेटीच्या डोळ्याखाली धरायची आणि सत्यवतीला फोन करायचा. मीही धरतो. परवा धरली तर फोनवर लक्ष्मीमांय होती. म्हणाली, "सात फूट चार. दिसलास. आता घराक जा, ऊन लागात."